काटा शून्यावर आला, आता सेंसर बदलू का?

गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या गाड्यांना उसंत नसते, आणि इंजिनाच्या तक्रारीही याच दिवसांत उघड्या पडतात. या वेळच्या पत्रांत ऑइल प्रेशरचा विषय सगळ्यात जास्त आहे. कुणी त्या भागाला बल्ब म्हणतं, कुणी सेंडर, कुणी सेंसर, कुणी स्विच. काम एकच: इंजिनाच्या मुख्य ऑइल गॅलरीत, म्हणजे ऑइल बेअरिंगकडे नेणाऱ्या वाटेत, दाब किती आहे ते केबिनमधल्या काट्याला किंवा लाल दिव्याला कळवणं.

प्रश्न : ट्रक जुना आहे, सहा सिलिंडरचा 5.9 लिटर कमिन्स, 24 व्होल्ट, इलेक्ट्रॉनिक काही नाही. माल भरून तवंदी घाट चढून आलो आणि गाडी न्यूट्रलला उभी केली की ऑइलचा काटा शून्याला टेकतो, दिवा लुकलुकतो. रेस दिली की काटा परत वर. सकाळी थंड इंजिनाला सगळं ठीक असतं की. मिस्त्री म्हणतो बल्ब गेलाय, बदलून टाकू. बदलावा का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : बल्ब बदलायच्या आधी प्रेशर मोजा. तुम्ही सांगितलेली लक्षणं बल्बपेक्षा इंजिनाकडे जास्त बोट दाखवतात. घाट चढून ऑइल तापतं आणि पातळ होतं. न्यूट्रलला पंप हळू फिरतो. बेअरिंगमधली फट वाढलेली असेल तर हे पातळ ऑइल तिथून भराभर निसटतं आणि गॅलरीत दाब उरत नाही. रेस दिली की पंप वेगाने फिरतो आणि काटा वर येतो. सेंडर बिघडला की तो सहसा असा तापमान आणि रेस पाहून वागत नाही. काटा एका जागी चिकटतो, खड्ड्यात उड्या मारतो, नाहीतर किल्ली फिरवताच एका टोकाला जाऊन बसतो. याला अपवाद असतात, म्हणूनच अंदाजावर न जाता मोजायचं.

मोजायला 0 ते 10 बारचा साधा यांत्रिक प्रेशर गेज, मीटरभर हायड्रॉलिक होज आणि सेंडरच्या आट्याचा एक अ‍ॅडॅप्टर लागतो. बेळगावात उद्यमबागेत हायड्रॉलिकचं काम करणारे हे तिन्ही जोडून देतात. जाताना जुना सेंडर बरोबर न्या, म्हणजे आटा चुकणार नाही. प्लास्टिकची नळी वापरू नका. गरम ऑइलने ती मऊ होऊन सुटते, आणि ते ऑइल टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर पडलं तर आग लागते.

सेंडर काढून त्याच भोकात गेज लावा. इंजिन पूर्ण तापेपर्यंत, म्हणजे भरलेल्या गाडीने पंधरा-वीस किलोमीटर, चालवा. होज पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधलेला हवा. मग न्यूट्रलला आकडा बघा. या इंजिनाला तापल्यावर आयडलला, म्हणजे रेस न देता, किमान 0.7 बार, म्हणजे 10 पीएसआय, आणि पूर्ण वेगाला किमान 2.1 बार, म्हणजे 30 पीएसआय, लागतं. गॅरेजच्या भाषेत ‘किलो’ म्हणतात तोही जवळपास एक बारच. थंड इंजिनाला चार-साडेचार बार दिसलं तरी घाबरू नका. जादा दाब सोडून देणारा रेग्युलेटर व्हॉल्व्ह साधारण तिथेच उघडतो.

गेज आयडलला एक बार दाखवत असेल आणि केबिनमधला काटा शून्यावर असेल, तर दोष सेंडरचा, वायरचा किंवा मीटरचा. तेव्हा खुशाल बदला. पण गेजही 0.7 बारच्या खाली गेला तर नवा सेंडर बसवून काही साधणार नाही. अशा वेळी पुढच्या क्रमाने बघा. आधी काडीवरची ऑइलची पातळी आणि ऑइलला डिझेलचा वास. मग ऑइल कोणत्या ग्रेडचं आहे आणि किती किलोमीटर झालं. मग फिल्टर: जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा. पिवळसर-तांबूस किंवा रुपेरी चमक दिसली तर बेअरिंगचा शेल झिजतोय. त्यानंतर रेग्युलेटर व्हॉल्व्ह. त्यात कचरा अडकून तो उघडाच राहिला असेल तर आयडलला आणि वेगाला, दोन्हीकडे प्रेशर कमी दिसतं. शेवटी चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खोलून सक्शनची जाळी आणि एक-दोन मेन बेअरिंगचे शेल. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. मिस्त्रीला तो मोडू देऊ नका.

एक गोष्ट आजपासूनच पाळा. रेस दिल्यावरही दिवा पेटलेला राहिला तर त्याच जागी इंजिन बंद करा. ‘पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ’ म्हणण्यात क्रँकशाफ्ट जातो.

प्रश्न : सेंडरच्या डोक्यातूनच ऑइल झिरपतंय, वायरसुद्धा तेलकट झालीय. म्हणजे सेंडर गेलाच असणार. आमच्या गावापासून गॅरेज लांब आहे. स्वतः बदलता येईल का? काय काय लागतं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : हो, गेलाच. सेंडरच्या आतला पडदा फाटला की ऑइल वायर जोडायच्या टोकाकडून बाहेर येतं. ते थांबत नाही, वाढतच जातं. वायरच्या तारांमधून ते वर चढून पुढच्या कनेक्टरपर्यंत पोचतं, म्हणून बदलताना तो कनेक्टरही उघडून बघा. काम तासाभराचं आहे आणि स्वतः करता येतं.

सगळ्यात मोठी चूक कामाच्या आधी, स्पेअरच्या दुकानातच होते. बाजारात दोन आटे जास्त चालतात: 1/8 एनपीटी, म्हणजे एक सूत पाइपाचा निमुळता आटा, आणि एम10 गुणिले 1, म्हणजे सरळ आटा. पहिल्याची जाडी साधारण 10.3 मिलिमीटर आणि इंचात 27 आटे, दुसऱ्याची 10 मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर. फरक इतका बारीक की एक दुसऱ्याच्या भोकात दोन-तीन फेरे बिनतक्रार जातो. मग जड लागायला लागतो. माणसाला वाटतं आता बसतोय, आणि तो पान्याने जोर लावतो. तिथेच ब्लॉकचे किंवा फिल्टर हेडचे आटे जातात. फिल्टर हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर एका झटक्यात. म्हणून जुना सेंडर खिशात घालूनच दुकानात जा. नवा आणि जुना आट्याला आटा लावून उजेडाकडे धरा. मध्ये कुठेही फट दिसता कामा नये. निमुळता आटा टोकाकडे बारीक होत जातो, सरळ आट्याला गळ्याशी वॉशर टेकायला सपाट जागा असते. जुन्यावर पार्ट नंबर असेल तर तोच सांगा. नावाला बल्ब म्हणायचं की सेंडर, यात निपाणी आणि गोकाकच्या काउंटरवर एकमत नसतं. नंबर मात्र मराठीत आणि कानडीत सारखाच वाचला जातो.

सामान: सेंडरच्या षटकोनाला बसणारी खोल गोटी, म्हणजे डीप सॉकेट (पुष्कळदा 27 मिलिमीटरची, पण मोजून घ्या), एक्स्टेंशन, वायर ब्रश, डिझेल, चिंध्या, बारीक सँडपेपर, मल्टीमीटर, निमुळत्या आट्यासाठी पाइप सीलंट, सरळ आट्यासाठी नवा तांब्याचा वॉशर.

इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. ऑइल चेंबरमध्ये उतरतं आणि सेंडर काढल्यावर कपभरच बाहेर येतं. सगळं ऑइल काढायची गरज नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढा. बऱ्याच गाड्यांत सेंडर स्टार्टरच्या वरच्या अंगाला असतो, आणि लांब पाना स्टार्टरच्या जाड टोकाला टेकला तर ठिणगीच नाही, पानासुद्धा वितळतो. मग सेंडरभोवतीची जागा डिझेल आणि ब्रशने स्वच्छ करा, पुसा, शक्य असेल तर हवा मारा. खानापूरकडच्या रस्त्यांवरची लाल माती तिथे थरावर थर साचलेली असते. ती भोकात पडली तर गॅलरीतून थेट बेअरिंगमध्ये जाते, कारण तो भाग फिल्टरच्या पुढचा आहे. या पायरीला घाई करू नका, बाकी सगळीकडे केलीत तरी चालेल.

वायर कोणत्या टोकावर होती त्याची खूण करून ती सोडवा. पाना फक्त षटकोनालाच लावा. वरच्या गोल डब्याला पकडून फिरवलं तर डबा सुटतो आणि खालचा तुकडा भोकात राहतो. जुना काढल्यावर भोकात नजर टाका. तोंडाशी काळा गाळ घट्ट बसलेला असेल तर लाकडी काडीने बाहेर ओढून काढा, आत ढकलू नका.

नवा सेंडर हाताने सुरू करा. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले पाहिजेत. निमुळत्या आट्याला सीलंट लावायचं, पण टोकाचे दोन आटे कोरडे सोडून. आट्यावर रंगीत थर आधीच असेल तर तो सीलंटच आहे, वर काही लावू नका. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने दीड ते दोन फेरे, त्याहून जास्त नाही. टॉर्क पाना असेल तर इतक्या लहान आट्याला 10 ते 15 न्यूटन-मीटर बास होतं. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. तोंड नीट दिशेला यावं म्हणून निमुळता आटा मागे फिरवू नका, तिथून गळती सुरू होते. पुढेच फिरवा किंवा काढून पुन्हा सीलंट लावा. सरळ आट्यात सील करतो तो वॉशर, म्हणून तिथे सीलंट नको आणि जुना वॉशर परत वापरणं नको.

बॅटरी जोडा, इंजिन सुरू करा. 15 सेकंदांच्या आत प्रेशर दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर बंद करा. दिसलं तर दहा मिनिटं चालू ठेवून सेंडरच्या गळ्याशी कोरडी चिंधी फिरवा. बाहेर गेलेलं ऑइल काडी बघून भरून काढा. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा एकदा चिंधी फिरवा. थेंब दिसला तर इंजिन गार झाल्यावर पाव फेरा.

प्रश्न : नवा सेंडर बसवला. आता किल्ली दिली की काटा खाली, इंजिन सुरू झालं की एकदम शेवटपर्यंत, आणि दिवसभर तिथेच. दिवा मात्र मंद पेटलेला राहतो. सेंडर डुप्लिकेट निघाला का?
– एक वाचक, अथणी

उत्तर : बहुतेक सेंडर चांगला आहे आणि त्याच्या दोन वायरी उलट लागल्या आहेत. दोन टोकांच्या सेंडरवर ‘जी’ म्हणजे गेजचं टोक आणि ‘डब्ल्यूके’ म्हणजे दिव्याचं टोक असं कोरलेलं असतं. दिव्याचं टोक आतून नुसता स्विच आहे: प्रेशर नसताना बॉडीला जोडलेला, प्रेशर आलं की तुटलेला. त्यावर काट्याची वायर लागली की काट्याला दोनच जागा उरतात, शून्य आणि पूर्ण. तिकडे दिवा काट्याच्या रेझिस्टन्समधून अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॉडीशी जोडणी) घेतो, म्हणून तो मंद जळतो. वायरी अदलाबदल करा आणि आधी हेच तपासा.

तरी आकडा पटला नाही तर सेंडर आणि मीटर एका जातीचे आहेत का ते बघा. आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या जातीत शून्य दाबाला रेझिस्टन्स 10 ओहम आणि पूर्ण दाबाला 180 च्या आसपास असतो. इंजिन बंद असताना मल्टीमीटरची एक काडी ‘जी’वर आणि एक सेंडरच्या बॉडीवर ठेवा, 10 च्या जवळ आकडा यायला हवा. पण याच जातीत ‘पूर्ण दाब’ 5 बारचा आणि 10 बारचा असे दोन प्रकार मिळतात आणि बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात. 10 बारच्या सेंडरला 2 बार दाबावर 50 ओहमच्या आसपास येतात, 5 बारच्याला तेच 82 च्या आसपास. म्हणजे 10 बारच्या मीटरला 5 बारचा सेंडर लावला की काटा दुप्पट दाखवतो. ही चूक धोक्याची आहे, कारण खरं प्रेशर अर्ध्यावर आलं तरी काटा छान दिसत राहतो. उलट जोडी लावली तर काटा अर्धा दाखवतो आणि माणूस विनाकारण इंजिन खोलून बसतो. किती बारचा ते षटकोनावर कोरलेलं असतं.

मीटर आणि वायर तपासायची सोपी रीत: किल्ली चालू करून ‘जी’ची वायर काढा, काटा पूर्ण वर गेला पाहिजे. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा, काटा शून्यावर आला पाहिजे. दोन्ही झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. एका टोकाच्या सेंडरचा अर्थ आट्यातूनच जातो. टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे दिले असतील तर अर्थ तुटक मिळतो आणि काटा चढा दाखवतो. सेंडरची बॉडी आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात एक ओहमच्या वर आकडा नको.

प्रश्न : बीएस-6 ट्रक आहे. ऑइल प्रेशरचा दिवा येतो आणि गाडीची ताकद कमी होते. एका वायरमनने टेस्ट लॅम्प लावून बघतो म्हटलं, दुसऱ्याने कोड पुसून दिला. दोन दिवसांनी पुन्हा तेच.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : टेस्ट लॅम्प या गाडीच्या सेंसरला लावू देऊ नका. या सेंसरला ईसीएमकडून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून, 5 व्होल्ट मिळतात. दिव्याचा करंट ती लाइन सोसत नाही, आणि दिव्याची दुसरी क्लिप चुकून 24 व्होल्टला लागली तर ईसीएमच जळतो. मल्टीमीटर आणि स्कॅनर, एवढंच.

कोड पुसण्याआधी वाचून लिहून ठेवायला हवा होता, कारण दोष सेंसरचा की खऱ्या प्रेशरचा हे त्यातच लिहिलेलं असतं. जे1939 या ट्रकच्या कोड पद्धतीत एसपीएन हा आकडा कशाची तक्रार ते सांगतो, एसपीएन 100 म्हणजे इंजिन ऑइल प्रेशर. त्याच्या पुढचा एफएमआय आकडा बघा, तो बिघाड कोणत्या प्रकारचा ते सांगतो. 3 म्हणजे व्होल्टेज प्रमाणापेक्षा जास्त, 4 म्हणजे प्रमाणापेक्षा कमी. या दोन्हींत वायर, कनेक्टर किंवा सेंसर संशयित. 1 किंवा 18 म्हणजे सेंसर नीट बोलतोय आणि प्रेशर खरोखरच कमी आहे. तिथे निपाणीच्या वाचकाला सांगितलेला यांत्रिक गेज लावायचा. तुमचा स्कॅनर ‘पी’ने सुरू होणारे कोड दाखवत असेल तर पी0522 आणि पी0523 हे व्होल्टेजचे, पी0524 हा प्रेशर कमी असल्याचा.

व्होल्टेजचा कोड असेल तर कनेक्टर काढा, किल्ली चालू करा आणि हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या, बाजूला 5 व्होल्टची पिन आणि ग्राउंडची पिन यांच्यात मोजा, 4.75 ते 5.25 च्या मध्ये यायला हवं. नाही आलं तर सेंसर बदलून उपयोग नाही, दोष हार्नेसमध्ये आहे किंवा त्याच 5 व्होल्टवरचा दुसरा एखादा सेंसर शॉर्ट झाला आहे. आलं तर कनेक्टर लावून सिग्नलच्या वायरवर मोजा: इंजिन बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट, प्रेशर वाढेल तसं वर. आणखी एक युक्ती: सेंसर सोडवल्यावर कोड 3 चा 4 किंवा 4 चा 3 झाला तर वायर आणि ईसीएम जागे आहेत, सेंसर गेला. पिनला हिरवट बुरशी आली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, पिन खरवडू नका. चोर्ला घाटातून पावसाळाभर गोव्याला जा-ये करणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं, आणि कनेक्टरचं रबरी सील बसवलं नाही तर पुढच्या जूनमध्ये परत तेच होतं. अशा सेंसरला ओ-रिंग असेल तर तिला ऑइलचं बोट लावून बसवा, सीलंट नको. चार पिनांचा सेंसर असेल तर त्यातच ऑइलचं तापमानही असतं, त्या जागी तीन पिनांचा बसत नाही.

प्रश्न : रस्त्यात सेंडर फुटला तर काढून तिथे बोल्ट मारून गाडी आणता येते का?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : त्याच आट्याचा प्लग असेल, ऑइल पातळीला भरलेलं असेल आणि फुटायच्या आधी प्रेशर ठीक होतं याची खात्री असेल, तरच, आणि जवळच्या गॅरेजपर्यंतच. कुठलाही बोल्ट ठोकून आटे घालवू नका. बोल्ट मारलेल्या गाडीत प्रेशर गेलं तर कळवणारं कुणीच नसतं. त्यापेक्षा यांत्रिक गेज, होज आणि अ‍ॅडॅप्टर हंगामभर टूलबॉक्समध्येच ठेवा. सेंडर फुटला की त्या भोकात गेज लावला, की भोकही बंद आणि काटाही समोर. मात्र सेंडर लांब पितळी निपलच्या टोकाला लोंबकळत ठेवायची पद्धत सोडा. थरथरून निपल मुळाशी तडकतं. जागा अडचणीची असेल तर होजने सेंडर चेसिसवर घ्या आणि त्याच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर द्या.

प्रश्न : काडीवर ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय आणि काटा आठवड्यागणिक खाली येतोय. सेंसर?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : सेंसर नाही. चेंबरमध्ये डिझेल किंवा पाणी उतरतंय. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर जुन्या इंजिनात फीड पंपाचा किंवा इंजेक्शन पंपाचा सील, नाहीतर गळका इंजेक्टर. बीएस-6 गाडीत डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळणं, वारंवार अर्धवट राहिलं तरी डिझेल ऑइलमध्ये उतरतं. शेत ते कारखाना अशा जवळच्या खेपा आणि रांगेत तासन्‌तास आयडलला उभी गाडी, यात हे हमखास होतं. गाडी आजच थांबवा, कारण शोधून दुरुस्त करा, मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुन्या गाडीला 15 डब्ल्यू-40 सीआय-4 प्लस चालतं, बीएस-6 ला कमी राखेचं सीके-4 लागतं. ऑइल बदलल्यावर 50 किलोमीटरला आणि 200 किलोमीटरला सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी काडी बघा. पातळी पुन्हा चढली तर मूळ दोष अजून आत आहे.